भाकर, झोप आणि सोबत



कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने अरण्यात पळाला आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असे विचारले नाही. देवदूताने त्याला हात लावून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातले. मग एलीया चाळीस दिवस चालत होरेबला पोहोचला. देवाची मंद वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर. शेवटी देवाने त्याला काम दिले आणि अलीशाची सोबतही दिली.

आपल्याकडे मात्र कुणी खचले, मिस्साला येईनासे झाले, की आपण चटकन म्हणतो, “प्रार्थना कमी पडते.” नैराश्य हे पाप नव्हे, तो आजार आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, झोप-भूक बिघडली, तर त्याची दखल घ्यायलाच हवी.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगताना सत्याच्या चिंतनाबरोबर अश्रू, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नान यांचीही नावे घेतली. आत्मा व शरीर वेगळे नांदत नाहीत, हे त्या तत्त्वज्ञाला ठाऊक होते.

आजचे संशोधनही हेच सांगते. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना रोजची छोटी कामे पुन्हा सुरू करायला मदत केली. तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; ही मदत न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मन प्रसन्न होण्याची वाट पाहत बसू नये. हातपाय आधी हलवावेत, मन मागून येते.

म्हणून रोज ठरावीक वेळी उठा. सकाळच्या उजेडात कुंडलिकेच्या काठाने थोडे चाला; त्या उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर येते. धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, मोबाईल दूर ठेवून पूर्ण करावी. वेळेवर जेवा. दारूने दुःख बुडत नाही. झोप बिघडते आणि उदासी वाढते. रोज एक लहान काम पूर्ण करा आणि एका माणसाशी बोला.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. सुरू असलेली गोळी मनानेच बंद करू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तेथे रात्रंदिवस, मराठीतही बोलता येते.

देवदूताला दोनदा यावे लागले, हे विसरू नका. एका भेटीत माणूस उठत नाही. या आठवड्यात रिकाम्या दिसणाऱ्या बाकावरच्या माणसाचे दार ठोठावा. उपदेश नको, डबा न्या, शेजारी बसा, जमल्यास पुलापर्यंत चालून या. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा धर्मगुरू