न केलेल्या कर्माचे फळ

वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? वाटसरूंना मारून लुटणारा वाल्या, एका खुनामागे एक खडा टाकून भरलेले रांजण, आणि नारदाचा तो प्रश्न : ज्यांच्यासाठी हे करतोस, ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो, बायकोमुले नाही म्हणतात आणि त्याचे डोळे उघडतात. कीर्तनात हा नकार प्रपंचाच्या स्वार्थाचा दाखला म्हणून येतो; लुटीचे खायला सगळे, पापाला कोणी नाही. पण न्यायाच्या अंगाने पाहिले तर त्या घरातली माणसे खोटे काहीच बोलत नाहीत. खून वाल्याने केले होते. त्या रांजणांतला एकही खडा त्याच्या लेकरांनी टाकलेला नव्हता. पाप वाटून घेता येत नाही आणि वारसाने देताही येत नाही, हे या कथेत पक्के बसलेले आहे, आणि फौजदारी कायद्याचा पायाही हाच आहे. तरीही ज्या गावांत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते, त्याच गावांच्या शिवेवर एका समाजाचे मूल जन्मताच संशयित ठरते. हे कायद्यात बसत नाही, एवढे म्हणून भागत नाही. ते धर्मात बसते का, हेही विचारले पाहिजे. कारण संशय घेणारी माणसे कायद्याची पुस्तके वाचत नाहीत, पण कर्म आणि त्याचे फळ यांवर त्यांचा मनापासून विश्वास असतो.

श्रीगोंदा तालुका हा प्रश्न विचारायला योग्य जागा आहे. भीमा आणि घोड या नद्यांच्या आधाराने इथे ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले, आणि याच तालुक्यात पारधी वस्त्याही आहेत. कुठे घरफोडी झाली की फिर्यादीत ‘अनोळखी चोरटे’ असे लिहिले जाते, आणि रात्री गाडी मात्र ओळखीच्या वस्तीवर येते, ही पारधी समाजाची जुनी तक्रार आहे. पुरुष सापडला नाही तर बायकापोरांना दरडावायचे, कुणाला तरी उचलायचे, मग जामिनासाठी वकील आणि वकिलासाठी कर्ज. बातमीत त्या माणसाच्या नावामागे ‘सराईत’ हे विशेषण लागते, मग त्याच्यावरचा एकही गुन्हा शाबीत झालेला असो वा नसो. सुटल्यावर ते विशेषण काढून घेण्याची सोय कुठल्याच वर्तमानपत्रात नाही.

या संशयाला एक कायदेशीर जन्मतारीख आहे. 12 ऑक्टोबर 1871 रोजी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. पारध्यांसारखी एखादी जमात सरकारने ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि परवान्याविना बाहेर सापडल्यास शिक्षा. पुढच्या दुरुस्त्यांनी मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचीही सोय केली. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. 1871 साली हा कायदा झाला तेव्हा सरकारचा विधी सदस्य होता फिट्झजेम्स स्टीफन. याच स्टीफनने पुराव्याचा कायदा लिहिला आणि तो मार्च 1872 मध्ये, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांनी, मंजूर झाला. त्याचे कलम 54 सांगत होते की आरोपीने स्वतः आपल्या सच्छीलतेचा पुरावा दिला नसेल, तर त्याचे वाईट चारित्र्य त्याच्याविरुद्ध मांडता येणार नाही. एका हाताने लिहिले की माणूस वाईट असला तरी या गुन्ह्याचा पुरावा वेगळा द्या. दुसऱ्या हाताने लिहिले की जमात कळली, आता पुरावा कशाला? पहिला नियम आजही जिवंत आहे आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. दुसरा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नोंदवहीची सवय पोलीस ठाण्यात टिकून राहिली.

आता धर्माकडे वळू. आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धांताची कसोटी म्हणून दोन दोष सांगितले आहेत. केलेले कर्म फळ न देता वाया जाणे हा एक, कृतनाश. न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे हा दुसरा, अकृताभ्यागम. जी मांडणी या दोहोंपैकी एकाही दोषात सापडते ती टाकाऊ, असे ते मानत. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात ईश्वरावर पक्षपाताचा आरोप येतो तेव्हा जे उत्तर दिले आहे, तेही हेच : ईश्वर प्रत्येक जिवाचे स्वतःचे कर्म पाहून फळ देतो, म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. ज्या विचाराने ईश्वरालाही या नियमातून सूट दिली नाही, तो एखाद्या हवालदाराला किंवा सरपंचाला कशी देईल? बापाने केलेल्या चोरीसाठी, किंवा चुलत्याने केलेल्याही नव्हे तर केवळ आपल्या जातीतल्या कुणा अनोळखी माणसाने केलेल्या चोरीसाठी जो मार खातो, तो अकृताभ्यागमाचा सरळ बळी आहे. कुराणातही कोणी दुसऱ्याचे ओझे वाहत नाही हा विचार पुन्हा पुन्हा येतो. श्रीगोंद्याला हे दोन्ही वारसे परके नाहीत. मुसलमान घरात जन्मलेले, ‘योगसंग्राम’ लिहिणारे आणि वारकऱ्यांनी आपले मानलेले शेख महंमद याच गावचे संत. मालोजी भोसल्यांनी त्यांना इथे आणून स्थान दिले असे परंपरा सांगते. जन्माने ठरलेल्या ओळखीपलीकडे माणूस पाहता येतो, हे या गावाला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कर्मसिद्धांतच सांगतो ना, की जन्म हा पूर्वकर्माचे फळ आहे? मग अशा घरी जन्म येणे हाच एक पुरावा नव्हे काय? हा युक्तिवाद जातिव्यवस्थेच्या समर्थनासाठी शतकानुशतके वापरला गेला आहे. पण तो सिद्धांताच्या स्वतःच्याच हिशेबात टिकत नाही. पूर्वजन्मीचे कर्म, ते असेल तर, त्या एका जिवाचे आहे, कुळाचे नाही. एका वस्तीतले सगळे जीव एकच कर्म करून आले असे कोणताही ग्रंथ सांगत नाही. ते अदृष्ट आहे, म्हणजे ते पाहण्याची सोय माणसाच्या कुठल्याही कचेरीला नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, प्रारब्ध सांगते की माझ्या वाट्याला काय येईल. मी आज काय करीन हे ते सांगत नाही. आजचे कर्म हे क्रियमाण, आणि ते मोकळे आहे. ते मोकळे नसते तर वाल्याचा वाल्मीकी झालाच नसता. ‘हा चोरी करणारच’ असे म्हणणारा माणूस कर्मसिद्धांत मानत नसतो. तो नियतिवाद मानत असतो, आणि त्या नियतिवादाला आपल्याकडचे आस्तिक, बौद्ध आणि जैन सगळेच विरोध करत आले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तत्त्वज्ञान ठीक आहे, पण अनुभवाचे काय? स्वस्तात सोने देतो म्हणून लोकांना बोलावून लुटण्याचे गुन्हे याच तालुक्यात घडले आहेत, माणसे मेली आहेत. पोलिसांनी मागचा अनुभव विसरावा का? लुटल्या गेलेल्या माणसाचे दुःख खरे आहे आणि आरोपी सापडलाच पाहिजे. पूर्वीच्या वर्तनाला काहीच किंमत नाही, असेही कायदा म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात यावरच मोठा वाद झाला. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत आरोपीची ‘प्रवृत्ती’ दाखवणारा पुरावा कितपत घ्यावा, यावर तिथल्या उच्च न्यायालयात 2017 साली ह्यूज खटल्यात न्यायाधीश दुभंगले, आणि 2020 मध्ये न्यू साउथ वेल्सने असा पुरावा घेणे सोपे केले. मला ही सैल सोडलेली दोरी धोक्याची वाटते. पण तिथेसुद्धा प्रश्न त्या आरोपीने स्वतः पूर्वी काय केले याचा आहे. त्याच्या जमातीतल्या इतरांनी काय केले, हा पुरावा तिथे कोणी मागत नाही. अनुभव व्यक्तीविषयीचा असेल तर तो तपासाला दिशा देतो, जातीविषयीचा असेल तर तपासच थांबवतो.

तपास थांबतो म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्याने दाखवले. जून 2003 मध्ये बेलतगव्हाण शिवारातल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा बळी गेला, स्त्रियांवर अत्याचार झाले. वाचलेल्या जखमी बाईने पोलिसांकडच्या छायाचित्रांच्या अल्बममधून चार माणसे ओळखली. त्या चौघांचा तपास पुढे झाला नाही. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर, आणि खालच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, तर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहाही जणांना फाशीचीच शिक्षा ठरवली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निष्पन्न झाले. मार्च 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षे गेली होती. त्या झोपडीतल्या मृतांनाही न्याय मिळाला नाही, हे आपण विसरतो. न केलेल्या कर्माचे फळ सहा जणांनी भोगले, आणि ज्यांनी ते कर्म केले त्यांच्यापर्यंत फळ पोचलेच नाही. दर्शनकारांनी सांगितलेले दोन्ही दोष एकाच खटल्यात घडले.

कोणी म्हणेल, मग जन्मावरून सहानुभूती तरी का मागता? ती मागू नये, हेच माझे म्हणणे आहे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 2013 मध्ये बग्मी या आदिवासी आरोपीच्या खटल्यात सांगितले की बालपणीच्या हालअपेष्टांचा परिणाम काळाने पुसला जात नाही, शिक्षा ठरवताना त्याचे वजन धरावेच लागेल. मात्र तो आदिवासी आहे एवढ्यावरून तसे गृहीत धरता येणार नाही, त्या माणसाचे आयुष्य पुराव्याने समोर आले पाहिजे. मला हा निवाडा फार मोलाचा वाटतो. दंड असो की दया, दोन्ही त्या एका माणसाकडे पाहूनच द्यायची. आपल्याकडेही याचे उदाहरण दूर नाही. श्रीगोंदा तालुक्यातच विसापूरला खुले कारागृह आहे. ज्यांचा गुन्हा शाबीत झाला, अशा कैद्यांना तिथे त्यांच्या तुरुंगातल्या वागणुकीवरून विश्वासाने ठेवले जाते, ते शेतात काम करतात. शाबीत गुन्हेगाराचे आजचे वागणे शासन पाहू शकते, तर ज्याच्यावर काहीच शाबीत नाही त्या वस्तीवरच्या तरुणाचे आजचे वागणे का पाहू नये?

हे बदलायचे तर वकील आणि न्यायाधीश जिथे घडतात तिथून सुरुवात व्हायला हवी. कायद्याच्या वर्गात पुराव्याचा कायदा कलमांनी शिकवला जातो, आणि गुन्हेगार जमातींचा कायदा आलाच तर इतिहासाच्या एका परिच्छेदात येतो. एकाच विधी सदस्याच्या कारकिर्दीतले हे दोन कायदे शेजारी ठेवून शिकवले, तर चारित्र्याचा पुरावा का वर्ज्य आहे हे विद्यार्थ्याला पाठ करावे लागणार नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांतल्या जातीवर आधारलेल्या नियमांना घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. हा निकाल दिल्लीत लागला. त्याचा उपयोग मात्र तालुक्याच्या न्यायालयात, जामिनाच्या अर्जावर पंधरा मिनिटे बोलणाऱ्या तरुण वकिलाने करायचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयांनी आपल्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी पारधी वस्त्यांवर न्यावे, अटकेचे कारण लेखी मागायला लोकांना शिकवावे. आणि कीर्तनकारांनाही हात जोडून विनंती आहे : वाल्याची कथा सांगाल तेव्हा त्याच्या लेकरांनी पाप नाकारले ते योग्यच केले, एवढे एक वाक्य जरूर सांगा.