नळ, गटार आणि शेजार

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठी वसलेल्या मिलवॉकी या नगराची बाहेरच्या जगातील ख्याती बहुतांशी तेथील बिअरच्या कारखान्यांमुळे आहे. परंतु नगरशासनाचा विचार करणाऱ्याने त्याच्याकडे निराळ्याच कारणासाठी पाहिले पाहिजे. ज्या देशात समाजवादी म्हणवून घेणे हे निवडणूक हरण्याचे हमखास साधन समजले जाते, त्या देशातील या नगराने १९१० साली एमिल सायडल, १९१६ पासून सलग २४ वर्षे डॅनियल होन आणि १९४८ ते १९६० या काळात फ्रँक झायडलर असे तीन समाजवादी महापौर निवडून दिले. आणि या मंडळींनीही क्रांतीच्या घोषणा बाजूला ठेवून नळ, गटारे, उद्याने आणि चोख हिशेब यांच्या बळावर जनतेचा विश्वास संपादन केला. न्यूयॉर्ककडील तत्त्वनिष्ठ सहकाऱ्यांनी 'गटारवाले समाजवादी' म्हणून त्यांची केलेली हेटाळणी मिलवॉकीकरांनी पुढे बिरुदासारखी मिरवली.

या अभिमानाला आधार होता. सरोवराकाठच्या जोन्स आयलंड येथील कारखान्यात १९२६ पासून नगराच्या सांडपाण्यातील मल सूक्ष्मजंतूंना खाऊ घालतात, ते पोसले गेले की गाळाच्या रूपाने वेगळे काढतात, आणि तो गाळ फिरत्या भट्ट्यांत वाळवून त्याचे बारीक दाणे 'मिलऑर्गनाइट' या नावाने खत म्हणून पोत्यांतून देशभर विकतात. सरोवराची घाण कमी व्हावी, तिजोरीत चार पैसे पडावेत आणि लोकांच्या अंगणातील हिरवळ पोसली जावी, अशी ही तिहेरी तजवीज होती.

परंतु ज्या हद्दीपलीकडे नगराचा मल खत होऊन राजरोस जात होता, ती हद्द ओलांडण्याची मुभा नगरातील कृष्णवर्णीय रहिवाशाला नव्हती. मिळकत गौरवर्णीयांखेरीज कोणास विकू अगर भाड्याने देऊ नये, अशी अट खरेदीखतातच नमूद करण्याचा प्रघात उपनगरांत रूढ होता. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींच्या अंमलबजावणीस मनाई केल्यावरही घरमालक, दलाल आणि कर्ज देणाऱ्या पेढ्या यांनी तोच व्यवहार अलिखितपणे चालू ठेवला. झायडलर यांनी दक्षिणेकडील राज्यांत फलक लावून कृष्णवर्णीयांना मिलवॉकीस बोलावले, अशी धादांत खोटी कंडी १९५६ च्या निवडणुकीत पिकवण्यात आली. ते निवडून आले खरे, परंतु उत्तम गटारे बांधून मतदाराच्या मनातील शेजाऱ्याविषयीची भीती धुतली जात नाही, हे त्या निवडणुकीने दाखवून दिले.

मेनॉमनी नदीचे कारखान्यांनी व लोहमार्गांनी भरलेले खोरे या नगराचे दोन भाग करते: उत्तरेस कृष्णवर्णीयांची वस्ती, दक्षिणेस त्या काळी प्रामुख्याने पोलिश श्रमिकांची. या खोऱ्यावरील सोळाव्या रस्त्याचा पूल आफ्रिका आणि पोलंड यांना जोडतो, म्हणून तो जगातील सर्वांत लांब पूल होय, असा कडवट विनोद तेथे प्रचलित होता. नगरपरिषदेतील पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य व्हेल फिलिप्स यांनी १९६२ साली घरांच्या व्यवहारातील वर्णभेद बंद करणारा ठराव मांडला. तो चार वेळा मतास टाकण्यात आला आणि चारही वेळा त्याच्या बाजूने एकच मत पडले, ते त्यांचे स्वतःचे. अखेर २८ ऑगस्ट १९६७ रोजी जेम्स ग्रोपी या कॅथलिक धर्मगुरूंसह तरुणांचा मोर्चा तो पूल ओलांडून गेला. पलीकडे हजारोंच्या जमावाने दगड आणि बाटल्यांनी त्यांचे स्वागत केले, तरीही मोर्चे सलग २०० दिवस निघत राहिले. एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर घरांच्या व्यवहारातील वर्णभेदाविरुद्ध संघराज्याचा कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नगरपरिषदेनेही आपला कायदा मंजूर केला. आज त्या पुलास ग्रोपी यांचे नाव आहे. परंतु दरम्यान गौरवर्णीय कुटुंबे उपनगरांकडे निघाली होती, पुढे कारखानेही बंद पडत गेले, आणि १९६० साली ७,४१,३२४ असलेली लोकसंख्या २०२० साली ५,७७,२२२ वर आली.

या विभाजनाची किंमत पाण्याच्या दोन संकटांची तुलना केली असता स्पष्ट होते. १९९३ च्या वसंतात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जलशुद्धीकरण केंद्रातून निसटून नळांत उतरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. म्हणून काही वर्षांतच ओझोनने पाणी शुद्ध करण्याची खर्चिक यंत्रणा उभी राहिली. शिशाची गोष्ट निराळी आहे. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत जाणारी जुनी जोडणी शिशाची. तिचा रस्त्याकडील भाग नगराचा, आतील भाग घरमालकाचा, आणि पाणी पिणारे मूल बहुधा भाडेकरूचे. मॅथ्यू डेझमंड यांनी याच नगरातील भाडेकरूंवर लिहिलेल्या 'इव्हिक्टेड' या २०१६ च्या ग्रंथात दिसते, की घराच्या दुरवस्थेबद्दल तक्रार करणाऱ्यावर घर सोडण्याची पाळी येऊ शकते. ज्याला तक्रार करणे परवडत नाही, त्याचे दुखणे दप्तरी नोंदले जाण्यासही विलंब लागतो. २०२५ साली शाळांच्या भिंतींवरील जुन्या रंगातील शिशामुळे काही शाळा तात्पुरत्या बंद कराव्या लागल्या, तेव्हा हा प्रश्न नळापुरताही मर्यादित नाही, हे उघड झाले.

यातून निघणारा निष्कर्ष गटारवाल्या समाजवाद्यांच्या कर्तृत्वास उणेपणा आणत नाही. तो त्यांच्या गृहीतकाची मर्यादा दाखवतो. सर्व नागरिक एकाच नळाला जोडलेले आहेत, तेव्हा एकाचे दुखणे सर्वांस जाणवेल, हा त्यांच्या कारभाराचा पाया होता. वस्त्या विलग झाल्या, की तो पाया खचतो. मग सार्वजनिक सोय सर्वांची राहत नाही आणि तिच्या दुरुस्तीची निकडही सर्वांना वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी मिलवॉकीतच येऊन शिशाच्या जोडण्या दहा वर्षांत बदलण्याचा नियम जाहीर केला, आणि जेथे दारिद्र्य अधिक व मुलांच्या रक्तात शिसे अधिक, तेथून आरंभ करण्याचा क्रम नगराने पत्करला आहे. ज्यात कोणाच्या तक्रारीची वाट पाहावी लागत नाही असा हा क्रम जर टिकला, तर व्हेल फिलिप्स यांच्या एकाकी मताला नगराने सहा दशकांनी दिलेला तो दुजोरा ठरेल. आणि तो मोडला, तर नळ नवे होऊनही कारभार जुनाच राहील.