जुन्या सांदवाडीतलं कोहळं

आश्विनातली सकाळ आहे. वाशीम जिल्ह्यातलं कुठलंही एक गाव मनात आणा. रिसोडकडचं, किंवा मानोऱ्याकडचं.

शिवारात सोयाबीन पिवळं पडलं आहे. हवा अजून गार आहे.

गावाच्या कडेला एक पडकं घर दिसतं. कवेलू कुणी उतरवून नेले आहेत. मातीच्या भिंती पावसाळ्या-पावसाळ्यानं खचत आल्या आहेत. माणसं केव्हाच पोटामागे शहरात गेली.

घरामागे सांदवाडी आहे. तिथं कोहळ्याचा वेल पसरला आहे. वऱ्हाडात ज्याला कोहळं म्हणतात, तो लाल भोपळा.

कुणी लावलेला नाही हा वेल. मागच्या फळातलं बी मातीत राहिलं. पाऊस आला. उगवला.

त्याच्याकडे बघा. घाई नाही.

पानं रुंद आहेत, हाताला खरखरीत लागतात. देठ आतून पोकळ आहे. ताणे भिंतीच्या उरलेल्या कडेला धरून वर चालले आहेत.

पिवळी फुलं पहाटेच उमलली आहेत. दुपारच्या आत मिटतील. काही फुलांच्या खाली छोटं, हिरवं, गोल फळ आधीच धरलं आहे.

श्वास घ्या. सोडा. फुलात शिरलेल्या मधमाशीचा आवाज ऐका.

आता वेल आहे तिथंच राहू द्या. फक्त भोवतालचं गाव बदलू द्या.

कवेलूंच्या जागी गवताचं छप्पर येतं, गोल भिंत येते. शिवारात बाजरीसारखं धान्य आहे, तीळ आहे. हा उत्तर युगांडा आहे. गुलूच्या आसपासचा, अचोली लोकांचा मुलूख.

वेल तोच आहे. इथंही पडक्या घरामागे आपोआप उगवलेला.

अचोली लोकांत एक म्हण आहे. जुन्या घराच्या जागेतला भोपळा उपटू नये, अशा अर्थाची.

ही म्हण ओकोट पबिटेक यांनी उचलली. ते गुलूचे. जन्म १९३१ चा. फुटबॉलपटू, गायक, नर्तक आणि कवी. त्यांनी एका बाईचं लांबलचक गाणं रचलं, आधी अचोली भाषेत, मग स्वतःच इंग्रजीत. ते इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये निघालं. ‘साँग ऑफ लाविनो’.

लाविनोचा नवरा ओचोल शिकला आहे. त्याला आता तिची लाज वाटते. तिच्या नाचाची, तिच्या स्वयंपाकाची, तिच्या केसांची. त्याला नव्या चालीची क्लेमेंटिन आवडते. आणि लाविनो बोलते. चिडते, टोमणे मारते, हसते, विनवते. बोलता बोलता पुन्हा पुन्हा त्या भोपळ्यापाशी येते.

इथं थांबा.

मन आता धावायला लागलं असेल. भोपळा म्हणजे परंपरा. ओचोल म्हणजे आधुनिकता. लाविनो म्हणजे आफ्रिका.

येऊ द्या हे विचार. त्यांना उंबऱ्यावर बसू द्या. घरात लगेच घेऊ नका.

पुन्हा वेलाकडे बघा.

घर पडलं, तरी तो फळतो आहे. ज्यांनी पहिलं बी टाकलं ते इथं नाहीत. तरी फळ मोठं होतं आहे. वाटेनं जाणारी एखादी म्हातारी ते तोडून नेईल. रात्री कुणाच्या तरी चुलीवर शिजेल.

म्हण घर सोडू नका म्हणत नाही. नवं घर बांधू नका म्हणत नाही. जायचं तर जा. जाताना वेल उपटू नका, एवढंच.

हे मला फार मोलाचं वाटतं. लाविनो परक्यांच्या रीतींचा तिरस्कार करत नाही. त्यांच्या रीती त्यांना लखलाभ. तिला दुखतं ते एवढंच, की तिचा माणूस स्वतःच्याच रीतींना थुंकतो. हा कडवटपणा वाचताना जाणवू द्या. तिच्या आवाजातला राग सौम्य करून घेऊ नका.

राग ऐका. त्याच्या खाली काय आहे, तेही ऐका.

आता कानाशी दुसरा आवाज येऊ द्या. आपल्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांचा. तिथंही एक वेल आहे, कारल्याचा. सून माहेरी जायचं विचारते. सासू वेलाच्या एकेका टप्प्यापर्यंत तिला थांबवत राहते. बी लाव, मग वेल येऊ दे, मग फळ येऊ दे.

त्या गाण्यात वेलानं बाईला अडवून धरलं आहे. लाविनोच्या गाण्यात बाई वेलाला वाचवते आहे.

दोन्ही वेल शेजारी शेजारी राहू द्या. एकाला दुसऱ्याचं उत्तर करू नका.

ओचोलही बोलतो. ‘साँग ऑफ ओचोल’ १९७० मध्ये आलं. तो भोपळा आणि जुनं घर दोन्ही धुडकावून लावतो. त्याचंही ऐकून घ्या. तो मोठमोठ्यानं बोलतो. इतक्या मोठ्यानं का, हा प्रश्न मनात नुसता राहू द्या.

आफ्रिकेच्या आधुनिक लेखनात असं जमिनीतलं पुष्कळ भेटतं. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये यामचा कंद आहे, माणसाची पत ज्यानं मोजतात तो. न्गुगी वा थिओंगो यांच्या एका कादंबरीच्या नावातच गव्हाचा दाणा आहे. क्रिस्टोफर ओकिग्बो यांच्या कवितेत गावचा ओढा देवी होऊन वाहतो. प्रत्येकापाशी असंच बसता येईल. आज नको. आज एकच वेल पुरे.

आता मनानं वाशीमच्या मातीवर परत या. तिथंही एक जुनी आठवण आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. चौथ्या शतकातल्या इथल्या सर्वसेन राजानं ‘हरिविजय’ हे काव्य संस्कृतात नाही, प्राकृतात रचलं. पूर्ण काव्य आज हाती नाही. पुढच्या काव्यशास्त्रकारांनी उद्धृत केलेले काही श्लोक तेवढे उरले आहेत.

क्षणभर त्या न उरलेल्या ओळींसाठीही शांत राहा.

श्वास घ्या. सोडा.

उंबऱ्यावर बसलेले ते अर्थ आता आत येऊ द्या. परंपरा, आधुनिकता, आफ्रिका. ते चुकीचे नव्हते, लवकर आले होते. आता त्यांच्या अंगाला मातीचा वास लागला असेल.

लाविनोचं गाणं मिळवा आणि मोठ्यानं वाचा. ते कानासाठी रचलेलं आहे. घरात आजी असेल तर तिला त्यातली गोष्ट तिच्या बोलीत सांगा, आणि लाविनोचं चुकलं का, हे आधी तिलाच विचारा.