युगादिकालच्या संकल्पापुढे

हे आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या पित्या, डोंगर उभे राहण्याआधी, समुद्राला काठ मिळण्याआधी तू आमच्या तारणाचा संकल्प केलास, असा आमचा विश्वास आहे. आदाम चुकला म्हणून तू गडबडीने उपाय शोधायला बसला नाहीस. साखळदंडात पडलेला पौल इफिसकरांना हेच लिहायला घेतो आणि त्याला थांबवत नाही. तो स्तुतीवर स्तुती रचत जातो. त्याच्या हातात बेड्या होत्या आणि डोळ्यांपुढे जगाच्या स्थापनेपूर्वीचा काळ. आमचे उलटे आहे, प्रभू. आम्ही मोकळे फिरतो आणि आमची नजर महिनाअखेरीच्या पलीकडे जात नाही.

आज मी मत्तयाने दिलेली वंशावळ घेऊन तुझ्यापुढे आलो आहे. उपासनेत ती क्वचितच वाचली जाते, आणि वाचलीच तर अडखळत, घाईने. पण तुझा संकल्प पुढे सरकला तो याच नावांतून. तामार, जिचा हक्क सासऱ्याने बुडवला. राहाब, यरीहोच्या तटाला लागून घर असलेली वेश्या. आणि उरीयाची बायको. तिचे नाव मत्तय घेत नाही, तिच्या मारल्या गेलेल्या नवऱ्याचे घेतो. दावीद राजाचे पाप कुणी विसरू नये म्हणूनच ना? आमच्या हाती लेखणी असती, तर घराण्याची अब्रू राखायला ही नावे आम्ही सर्वांत आधी गाळली असती. तू गाळली नाहीस.

रूथपाशी मात्र मी रेंगाळतो. ती मवाबी. मवाब्याने दहाव्या पिढीपर्यंत तुझ्या मंडळीत येऊ नये, असे नियमशास्त्रात लिहिलेले. सासरा गेला, नवरा गेला, दीरही गेला, आणि ही सासू नामीला न सोडता बेथलेहेमला आली. जवाची कापणी नुकतीच सुरू झाली होती. कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचून तिने सासूचे पोट भरले. शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या, असे तू कितीतरी आधी सांगून ठेवले होतेस. पुढे त्या शेताच्या मालकाने, नात्यातल्या बवाजाने वतन सोडवले, तिला पदरी घेतले, आणि ही परकी विधवा दावीद राजाची पणजी झाली. यातले तिला काय ठाऊक होते? पहिल्या संध्याकाळी पदरात एफाभर जव आले, एवढेच. तुझ्या संकल्पात चालणाऱ्यांना बहुतेक वेळा एवढेच कळते.

आमच्या मुलखातही तुझी माणसे अशीच आली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणि विधवांना पंडिता रमाबाई केडगावला घेऊन आल्या. त्या स्वतः विधवाच होत्या. त्यांच्यासाठी आणि त्या मुलींसाठी तुझे आभार मानतो.

पण पित्या, एक घास माझ्या घशाखाली उतरत नाही. सारे आधीच ठरले होते, तर यहूदा इस्कार्योताचा दोष तो काय? आणि हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचे काय? पन्नासाव्या दिवसाच्या सणाला पेत्र यरुशलेमेत उभा राहिला आणि एका दमात दोन्ही बोलला: येशू तुझ्या ठाम संकल्पाने धरून दिला गेला, आणि लोकांनो, त्याला मारलेत ते तुम्ही. मधला सांधा त्याने जुळवून दाखवला नाही. आम्ही मात्र तो जुळवतो. पोर गेलेल्या घरी जातो आणि "देवाची योजना" म्हणून मोकळे होतो. त्या वेळी आमची जीभ आवर, प्रभू.

हा घास अडकला की मी गेथशेमानेकडे वळतो. ज्यासाठी तुझा पुत्र जगात आला, तेच समोर उभे राहिले तेव्हा तो शिष्यांपासून धोंड्याच्या टप्प्याइतका दूर गेला, पालथा पडला, आणि हा प्याला टळावा म्हणून त्याने पुन्हा पुन्हा विनवले. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे लूक सांगतो. पेत्र, याकोब, योहान झोपले होते. जगाच्या आधी ठरलेली गोष्टही त्या रात्री त्याला घाम गाळून पत्करावी लागली. बेत आखायचा आणि मरायला दुसऱ्याला धाडायचे, ही राजांची रीत. उरीया तिला बळी पडला. तू संकल्प केलास आणि खंडणीही तूच भरलीस, आपल्या एकुलत्या एका पुत्राचे रक्त देऊन. सगळे उमगलेले नसतानाही मी तुझ्यावर विसंबतो, ते एवढ्यासाठी.

आता मागणे ऐक. आज कुणाच्या तरी शेतात सरवा वेचणाऱ्यांना पोटभर मिळू दे. ज्यांची नावे मंडळीच्या वहीत लिहायला आम्ही का-कू केली, त्यांना आत घे आणि आम्हाला दारातून बाजूला सरायला लाव. कोण तारले गेले आणि कोण नाही, याचा हिशेब मांडण्याचा आमचा सोस काढून टाक. ज्यांना तुझा संकल्प क्रूर वाटतो, त्यांच्याशी तू स्वतः बोल. आमच्याने ते होत नाही. आमच्या वाट्याचे काम आमच्या हाती दे आणि ते पुरे होईतो आम्हाला सोडू नकोस. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.