टाकणे आणि टाकून देणे

आमच्या गावातील संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत एक क्रियापद दिवसभर इतक्या सहजपणे फिरत असते, की त्याच्या पोटातील विरोध बोलणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. यंत्रात एखादी कार्यप्रणाली बसवावयाची झाली की दुकानदार म्हणतो, "विंडोज टाकून देतो", आणि तीच पुसून तिच्या जागी दुसरी आणावयाची झाली, तरी तो म्हणतो, "ही टाकून देऊ, लिनक्स टाकू." शेतात बी टाकणे आणि नवऱ्याने बायको टाकणे या दोन्ही व्यापारांना ज्या भाषेने एकच धातू पुरविला, तिने ग्रहण आणि त्याग यांच्यातील अंतर मुळातच फारसे मानले नसावे, अशी शंका मला अलीकडे येऊ लागली आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी नवा संगणक आला. मी उभी हयात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत काढलेली. चतुःसीमा, बोजा आणि शर्ती वाचल्याखेरीज कोणाचाही अंगठा कागदावर उमटू द्यावयाचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून यंत्र प्रथम चालू होताच जो करारनामा पडद्यावर आला, आणि जो वाचावयाचा नसतो याविषयी घरात पूर्ण एकमत होते, तो मी एक अख्खी दुपार खर्चून वाचला. निष्पन्न झाले ते असे, की पेटी, पडदा आणि कळफलक यांचा मी खरेदीदार. परंतु त्या पेटीत जे चालते-बोलते, ज्याच्यावाचून ती पेटी म्हणजे निव्वळ कलेवर, ते मला विकलेलेच नाही. त्याच्या वहिवाटीचा परवाना तेवढा, देणाऱ्याने घातलेल्या शर्तींवर, मला मिळालेला आहे. पेशवाईच्या दप्तरांत मिरासदार आणि उपरी असा भेद आढळतो: मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, विकण्याचा हक्क असलेली; उपऱ्याची कसणूक ठरल्या मुदतीपुरती. तो भेद येथे एकाच माणसाच्या ठायी एकवटला होता. धातूचा मी मिरासदार आणि प्राणाचा उपरी.

शर्ती मान्य नसतील तर काय, याचीही तरतूद त्यात होतीच: परतीचे नियम ज्याने यंत्र बनविले त्याला विचारावेत, आणि ते नियम असेही असू शकतील की परत करावयाचे तर अख्खे यंत्रच करावे. अशाच कलमाचा आधार घेऊन १५ फेब्रुवारी १९९९ या दिवशी लिनक्सच्या चाहत्यांचा एक घोळका कॅलिफोर्नियातील फॉस्टर सिटी येथे मायक्रोसॉफ्टच्या कचेरीवर, न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागावयास गेला होता. त्यांना यंत्रांच्या उत्पादकांकडे बोट दाखविण्यात आले. फिर्यादीला एका कचेरीतून दुसरीकडे धाडण्याची ही कला आम्हां सरकारी माणसांना परकी नाही.

ज्या ठिकाणी 'नाही' म्हणण्याची किंमत सर्वस्व ही आहे, तेथे 'हो'ला संमती म्हणावे काय? हा प्रश्न मनात उभा राहिला आणि विषय संगणकाचा राहिला नाही. मनुष्याला जन्माबरोबर जे जे आधीच भरून मिळते, भाषा, कुळाचार, देव्हाऱ्यातील देव, कोणाच्या पंक्तीस बसावे आणि कोणाच्या बसू नये याचे दंडक, त्यांपैकी कशाला त्याची संमती घेतलेली असते? गीतेने तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन अध्यायांत स्वधर्म सदोष असला तरी परधर्माहून श्रेयस्कर ठरविला. परंतु 'धर्म' या पदावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या निम्मी जरी 'स्व' या पूर्वपदावर पडती, तरी बरे झाले असते असे मला नेहमी वाटत आले आहे. आपोआप गळ्यात पडलेले ते स्व, की जाणून गळ्यात घालून घेतलेले ते स्व?

या प्रश्नाचे महाराष्ट्राने पाहिलेले सर्वांत गंभीर उत्तर डॉ. आंबेडकरांचे. हिंदू म्हणून मरणार नाही हा निर्धार त्यांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास जाहीर केला, आणि बौद्ध धम्माची दीक्षा नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतली. मेजावरील एका डब्याला त्या पंक्तीत बसविणे हे औद्धत्य होईल, आणि ते मला करावयाचे नाही. मी बोट दाखवितो ते फक्त मधल्या एकवीस वर्षांकडे. दुकानदार एका दमात जे दोन अर्थ उच्चारतो, त्या दोहोंच्या मध्ये तेथे एकवीस वर्षांचे अध्ययन होते.

माझ्या वाट्याला तीन दिवस आले. भाच्याने पेनड्राइव्हवर उबुंटू नावाचे लिनक्स आणले होते, आणि ते डिस्कला स्पर्शही न करता, नुसते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येत होते. यंत्र बंद करून पेनड्राइव्ह काढला की मागे खूणसुद्धा उरत नसे. धर्माच्या क्षेत्रात अशी सोय असती तर पुष्कळ दंगे टळले असते, आणि कदाचित पुष्कळ धर्मही ओस पडले असते. चौथ्या दिवशी संपूर्ण डिस्क पुसण्याची परवानगी मागणारी चौकट पडद्यावर आली.

"मामा, एकदा क्लिक केलं की परत नाही हं," भाचा म्हणाला. "बॅकअप घेतलाय ना सगळ्याचा?"

"घ्यायला आहे काय? यंत्र चार दिवसांचं."

"तरी विचारायचं असतं."

त्या उत्तरात लग्नातल्या भटजींचा स्वर होता. मी हसलो, तरीही बोट माऊसवर थबकलेच. या क्रियेला मुले 'फॉर्मॅट मारणे' म्हणतात, आणि मारणे हे क्रियापद त्या क्षणी कानांना लागले. शंकराचार्यांनी मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. देह तोच, दरबार तोच, केवळ वागणुकीवरून प्रधानांना संशय आला. परंतु आचार्यांना रिकामा झालेला देह मिळाला होता. येथे आतील रहिवासी धडधाकट होता, आणि त्याला घालविणारा मी होतो.

मी क्लिक केले. पुढचे सगळे पंधरावीस मिनिटांत आटोपले.

त्यानंतर, सवयीप्रमाणे, नव्याचा परवाना वाचावयास घेतला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत, विद्यार्थिदशेत, लिहिलेल्या या प्रणालीच्या गाभ्याला पुढच्याच वर्षापासून रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाने मला थक्क केले. आशय असा, की हा परवाना मान्य करण्याचे बंधन तुझ्यावर नाही, कारण तू त्यावर सही केलेली नाहीस; मात्र ही वस्तू दुसऱ्यास वाटावयाची वा बदलावयाची असेल तर तो अधिकार तुला अन्यत्र कोठून मिळणार नाही. नुसती वापरणाऱ्यावर शर्तच नाही. पस्तीस वर्षांत असंख्य दस्तऐवज माझ्या हाताखालून गेले, पण आपल्यापुढे मान डोलाविण्याची सक्ती न करणारा दस्तऐवज मी पहिल्यांदाच पाहिला. तेथे माझ्या प्रश्नाला निदान एक बाजू सापडली: टाकून दिल्याने काही आपले होत नाही, स्वीकारल्यानेही होतेच असे नाही, जेथून केव्हाही उठून जाता येते आणि तरीही माणूस बसून राहतो, तेथे 'स्व' हे पूर्वपद लावावयास हरकत नसावी.

यात सुख होते असे मात्र नाही. आमचा जुना प्रिंटर नव्या प्रणालीला ओळख दाखवीना, आणि तो पाझरेपर्यंत मी आठवडाभर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात खेपा घातल्या. सौभाग्यवतींनी "आधीचं काय वाईट होतं?" एवढेच विचारले. अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

पुढे संक्रांतीला भाचा आला, त्याने काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली आणि पडद्यावर पंचवीस अक्षरे-अंक, पाचपाचांच्या पाच गटांत, उमटले. ही जुन्या परवान्याची किल्ली. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून अशा यंत्रांत ती डिस्कवर नव्हे, तर मदरबोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये नोंदलेली असते. डिस्क पुसा, बदला, ती जात नाही, आणि उद्या तीच प्रणाली पुन्हा टाकली तर यंत्र निमूटपणे तिला ओळखते. ज्ञानाने संचित जळते, परंतु प्रारब्ध देह पडेपर्यंत राहते, असे वेदान्ती म्हणतात. उपमा फार ताणू नये, पण पुसलेली डिस्क आणि न पुसलेला हा कोपरा पाहून मला दुसरे काही सुचले नाही. गंमत ही, की जुन्याची किल्ली नव्यानेच वाचून दाखविली होती.

"पुसून टाकू का ही पण?" मी विचारले.

"ती नाही पुसत, मामा. आणि कशाला? असू दे."

मी चष्मा लावला, ती पंचवीस चिन्हे एका कागदावर दोनदा ताडून उतरवून घेतली, आणि घराच्या खरेदीखताच्या फायलीत ठेवून दिली.