मुलाने सांगितलेले कोणाचे?

आमच्या इंदुरातल्या मराठी मुलांना दोन भाषा असतात, शाळेत हिंदी आणि घरी मराठी. त्यात नवल काहीच नाही. पण कोणते दुःख कोणत्या भाषेत सांगायचे, हेही मूल ठरवत असते, ते मला फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी छमाही परीक्षेच्या तोंडावर दहावीतला एक मुलगा माझ्या खोलीत आला. ‘सर, जी घबराता है,’ म्हणाला. मी त्याला अभ्यासाचे वेळापत्रक करून दिले. तो दारापर्यंत गेला, थबकला आणि मराठीत म्हणाला, ‘सकाळी दप्तर उचललं की पोटात कसंतरी होतं.’ पहिले वाक्य मुख्याध्यापकांना सांगितलेले होते. दुसरे, एखाद्याने आजीला सांगावे तसे. मग तो बराच वेळ बोलला. गणित नको होते, आणि घरी गुणांखेरीज बोलणे उरले नव्हते. जाताना एवढेच मागितले, ‘घरी सांगू नका.’

संध्याकाळी मी त्याच्या वडिलांना फोन केला.

माझे चुकले का? मूल आईवडिलांचे, तेव्हा त्यांना कळलेच पाहिजे, असे मी स्वतःला समजावले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारासोबत मानसिक छळालाही बंदी घातली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे निर्देश दिले. भंवरकुआंच्या रस्त्यावरच्या कोचिंगच्या पाट्या पाहिल्या की ते किती गरजेचे होते हे पटते. पण मुलाने विश्वासाने सांगितलेले कोणाच्या मालकीचे, हे माणूस नेमून सुटत नाही.

जिवाला धोका असेल तर गुपित पाळायचे नाही, याबद्दल दुमत नको. तिथे लगेच घरी सांगावे, डॉक्टरांकडे न्यावे. 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे. पण या मुलाच्या बोलण्यात तसे काही नव्हते. मी तसे विचारून खात्री करून घेतली होती. म्हणजे दोन दिवस थांबता आले असते. ‘चल, आपण दोघे मिळून सांगू,’ असे म्हणता आले असते. खरे सांगायचे तर फोन मी त्याच्यासाठी केलाच नाही. उद्या कोणी मला विचारू नये, म्हणून केला.

आईवडील सज्जन. कोणी रागावले नाही. जेवताना सगळ्यांनी एकच विचारले, ‘तुला काय कमी आहे?’ आपल्या घरांतला हा प्रश्न मोठा विचित्र. उत्तर द्यावे तर कृतघ्न, न द्यावे तर घुमा! आई रडली, आणि तिची समजूत त्यालाच घालावी लागली. हे वडिलांनीच मला सांगितले, तेही आभार मानत.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तो भेटला. मी मराठीत विचारले, ‘कसा आहेस?’

‘सब ठीक है, सर.’

बोर्डाचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन आला. गुण चांगले होते. अकरावीला गणितच घेतले होते. तेही त्याने हिंदीतच सांगितले.