रानड्यांची तसबीर आणि मूर्तिपूजा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या हयातीतल्या छायाचित्रांवरून त्यांच्या तसबिरी तयार झाल्या. पगडी आणि भरदार मिशा असलेला हा चेहरा मराठी माणसाला या तसबिरींमुळेच ठाऊक आहे. जयंतीला काच पुसतात, हार घालतात आणि कपाळाच्या जागी काचेवर गंधाचे बोट लावतात. रानडे १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, मराठी सत्तेच्या उदयाचे इतिहासकार होते. आणि मूर्तिपूजा न मानणाऱ्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभही होते. अशा माणसाच्या चित्राला गंध लावणे ही मूर्तिपूजाच नव्हे काय?

शास्त्राच्या दृष्टीने नव्हे. देवळातली मूर्ती प्राणप्रतिष्ठेने पूज्य ठरते, पार्थिव गणपतीत देवाला आवाहन करून पुढे विसर्जन करतात. तसबिरीला यातले काहीच नाही. मात्र छापील चित्रांनी ही रेघ पुसट केली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती प्रतिष्ठेवाचूनच देव्हाऱ्यात बसल्या. देवाचेच चित्र असे पुजले जाऊ लागल्यावर थोर माणसाच्या तसबिरीला गंध लागणे दूर नव्हते.

रानड्यांनी स्वतः याहून खोल उत्तर देऊन ठेवले आहे. मराठी सत्तेच्या उदयावरच्या त्यांच्या ग्रंथात महाराष्ट्राच्या संतांवर स्वतंत्र प्रकरण आहे. विठ्ठलापुढे उभे राहणारे संत दगड पूजत नव्हते, असे त्यांनी तिथे आग्रहाने मांडले. म्हणजे निकष वस्तूचा नाही, पूजणाऱ्याच्या मनाचा आहे. संतांना लावलेला हा निकष रानड्यांच्या तसबिरीलाही लागू होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर भाषण केले. थोर पुरुषाविषयी आदर बाळगणे वेगळे आणि त्याच्यापुढे स्वतःची बुद्धी गहाण टाकणे वेगळे, हा भेद त्यांनी तिथे केला.

तेव्हा हारात दोष नाही. रानड्यांचे प्रतिपादन तपासायची, प्रसंगी खोडून काढायचीही मोकळीक त्यांना हार घालणाऱ्याला वाटत असेल, तर तो आदर आहे. ती मोकळीक वाटत नसेल, तर प्राणप्रतिष्ठा झालेली नसली तरी ती मूर्तिपूजाच होय.